थंडीला न जुमानणारा सुळका

धाकटीच्या खिशात कधीच काही नसायचं. किल्ल्या नाहीत, फोन नाही, साधी चिल्लर नाही. मनगटावर घड्याळ नाही, केसांत आकडा नाही. केस बांधायला कापडाची एक पट्टी. नात्यातल्या लोकांना वाटायचं, बाई भारीच विसराळू. विसराळू ती होतीच, पण यात तिचा दोष कमी आणि नोकरीचा जास्त. तिच्या कामाच्या खोलीच्या दाराशी एक प्लॅस्टिकचा ट्रे होता आणि आत जाणाऱ्याने अंगावरचं सगळं लोखंड, शिवाय बँकेची कार्डं वगैरे, त्या ट्रेमध्ये काढून ठेवायची असा सक्त नियम होता. कारण आत चुंबक होतं. हे चुंबक फ्रिजच्या दाराला कागद धरून ठेवणाऱ्या जातीचं नव्हतं. स्टीलची चकचकीत उभी टाकी, माणसाहून उंच, पोटात हाडं गोठवणारा द्रवरूप हेलियम. एकदा दिवे दुरुस्त करायला आलेल्या एका गृहस्थाच्या हातातला पाना सटकून थेट टाकीला जाऊन चिकटला. तो गृहस्थ पाना तिथेच सोडून गेला आणि पुन्हा त्या इमारतीत दिसला नाही.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन भावांची बिऱ्हाडं. मोठ्या भावाची बायको ती थोरली, लहान्याची ती धाकटी. तिचं खरं नाव फक्त ऑफिसच्या कागदांवर उरलं होतं. लग्नाआधीपासून ती शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगी झाली आणि शाळा सुटली. मग एका संशोधन संस्थेत यंत्र चालवायला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा ती मुलीला कडेवर घेऊन दारात उभी राहून, जाऊ की नको, असा घोळ घालत होती. थोरलीने कडेवरची मुलगी काढून स्वतःच्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "जा तू. ही माझ्याकडे राहील. दोन घरांची भांडी घासायला एवढं शिकलेलं माणूस कशाला लागतं?"

ती मुलगी चालायला शिकली ती थोरलीचं बोट धरून. आता ती शिकायला परगावी होती आणि फोन करायची तो आधी काकूला, मग आईला. धाकटीला याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं तर तिला त्यात बरंच वाटायचं.

तिच्या कामाबद्दल घरात कुणाला धड काही सांगता यायचं नाही. थोरले दीर आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते, आवाज पहिल्यापासून वरच्या पट्टीतला. ते पाहुण्यांना सांगत, "आमची धाकटी लोहचुंबकात नळ्या घालते." पाहुणे हसत. पण गंमत अशी, की हे वर्णन अगदी बरोबर होतं. ती काचेच्या बोटाएवढ्या नळ्या चुंबकातच घालायची.

आता त्या नळ्यांत काय असे, हे सांगायला हवं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो. तो लिपिड नावाच्या चरबीच्या जातीच्या रेणूंचा बनलेला. दोन थर, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, दाटीवाटीने उभे. प्रत्येक डोक्यात फॉस्फरसचा एक अणू. हे रेणू रांगेत उभे असले तरी क्षणभर गप्प राहत नाहीत. जागच्या जागी गिरक्या घेतात, डुलतात, शेजाऱ्याशी जागा बदलतात; फक्त रांग सोडत नाहीत. असले पडदे प्रयोगशाळेत बनवायचे, पाण्यात कालवून नळीत भरायचे, नळी चुंबकात सोडायची आणि रेडिओलहरींचा एक हलका दणका द्यायचा. मग फॉस्फरसचे अणू उत्तर देतात, आणि डोकी किती मोकळी हलताहेत ते त्या उत्तराच्या आलेखावरून कळतं.

पडदा धडधाकट असेल तर आलेख लंगडा येतो. एका बाजूला उंच टोक, दुसऱ्या बाजूला लांब उतरता खांदा. पडद्याचे बारीक तुकडे झाले, तर ते तुकडे पाण्यात वाटेल तसे गरगरतात. मग लंगडेपणा जातो आणि मधोमध एकच सरळ, बारीक, देखणा सुळका उभा राहतो. धाकटीची सगळी नोकरी लंगड्या आलेखाची वाट बघण्यात गेली होती. देखणा सुळका म्हणजे वाईट बातमी.

थोरलीच्या टाचेत बागकाम करताना गंजका खिळा घुसला होता. तिने त्यावर पाणी ओतलं, चिंधी बांधली आणि उरलेली रोपं लावली. ती तशीच होती. जखम वरून भरली, पण आत हाडात बुरशी शिरली. पुढचे काही महिने औषधांमागून औषधं झाली, दोनदा हाड खरवडून झालं. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. ते म्हणाले, आता गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. मग स्वतःच पुन्हा विचार करून म्हणाले, एक नवीन औषध आमच्या हॉस्पिटलात अजून तपासणीत आहे, तयारी असेल तर तुमचं नाव घालू. थोरली म्हणाली, "घाला. पाय तर तसाही जायचाय."

त्या औषधाचं नाव धाकटीच्या चांगलं ओळखीचं होतं. बुरशीच्या पेशीचा पडदा फोडायचा आणि माणसाच्या पडद्याला धक्का लावायचा नाही, असं ते औषध होतं. माणसाच्या पडद्याला खरंच धक्का लागत नाही ना, हे पाहणारं यंत्र धाकटीचं. नवी खेप आली, की रुग्णांना देण्याआधी तिच्या चुंबकातून जायची. कामावरचं बाहेर बोलायचं नाही असं तिने नोकरीला लागतानाच लिहून दिलं होतं, म्हणून घरी ती चकार शब्द बोलली नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मात्र तिने जाऊन सांगितलं. सगळे त्यांना सर म्हणायचे. सर बोलण्यात कंजूष.

"सर, माझी जाऊ त्या औषधावर आहे."

"नळीला नातं कळत नाही," सर म्हणाले. "तुम्हाला कळत असेल, तर दुसऱ्याला देतो हे काम."

"नको. मीच करते."

औषधाने गुण आला. टाचेतून येणारा पू थांबला, ताप उतरला, थोरली खाटेवर बसून नर्सना रोपांना पाणी कधी घालायचं ते शिकवू लागली. पलीकडच्या खाटेवर एक कॉलेजातली मुलगी होती. तिलाही हाच रोग, हेच औषध, फक्त रोग मनगटात. दोघींची गट्टी जमली. दीर रोज हॉस्पिटलातून घरी येऊन वरच्या पट्टीत बातमी देत आणि धाकटी ती ऐकून मनातल्या मनात आपल्या चुंबकाला शाबासकी देई.

मग औषधाची नवी खेप आली.

धाकटीने नेहमीसारखे पडदे तयार केले, औषध घातलं, नळी चुंबकात सोडली. आलेख हळूहळू उमटू लागला. लंगडा आकार होता, खांदा होता, आणि त्याच्या शेजारी एक बारीक, सरळ, उंच सुळका. तिला वाटलं, नळी अस्वच्छ असेल. नवी नळी घेतली, पडदे नव्याने केले. सुळका तिथेच. मग औषधाशिवाय नुसते पडदे घालून पाहिले. आलेख स्वच्छ, लंगडा, सुळक्याचा मागमूस नाही. म्हणजे सुळका आला तो औषधाबरोबरच आला. म्हणजे हे औषध माणसाच्या पेशींचे पडदेही फोडत होतं.

ती स्टुलावर बसून राहिली. समोर पंप घरघरत होता. आणखी दोन दिवस घेऊन खात्री करू, असं तिच्या मनाने हळूच सुचवलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. खात्री करणं हे तिचं कामच होतं, आणि त्या दोन दिवसांत थोरलीच्या जुन्या खेपेच्या बाटल्या संपून नव्या सुरू झाल्या असत्या. हा विचार आपल्याला कुठून सुचला, हे तिला चांगलं कळत होतं, आणि स्वतःचीच लाज वाटली. पलीकडच्या खाटेवरच्या मुलीच्या जागी आपली मुलगी असती तर, असंही तिच्या मनात आलं. ती उठली, ट्रेमधून चष्म्याची पेटी उचलली आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी आलेख पाहिला. बराच वेळ पाहिला. "वाईट आहे," एवढंच म्हणाले आणि फोन उचलला. संध्याकाळच्या आत हॉस्पिटलाने नवी खेप कपाटात बंद केली. जुनी संपत आलीच होती.

त्या रात्रीच्या जेवणाला दीर धाकटीकडेच होते. थोरली हॉस्पिटलात असल्यापासून ते तिच्याकडेच जेवत. ताटावर बसले ते तडतडतच.

"कोण ती शहाणी बाई! पाय भरत आला होता, आणि म्हणे तपासणीवाल्या बाईंनी औषध थांबवायला सांगितलं. खुर्चीत बसून बटणं दाबायची आणि लोकांचे पाय कापायचे. समोर आली ना, तर चांगली खडसावणार आहे मी!"

शहाणी बाई त्यांच्या समोरच उभी होती, हातात पाण्याचा जग घेऊन. धाकटीचा नवरा खाली मान घालून जेवत होता. त्याला नक्की काही माहीत नव्हतं, पण बायकोचा चेहरा वाचायची सवय होती, म्हणून त्याने विषय पाण्याच्या गळक्या नळाकडे नेला. दिरांना नळाचा विषय मिळाल्यावर दुसरं काही लागत नाही. धाकटी स्वयंपाकघरात गेली आणि कोरडी भांडी उगाच पुसत राहिली.

पुढचे दिवस तिच्या जिवाला खाणारे होते. थोरलीच्या टाचेला पुन्हा ओल आली. सर्जनने येत्या सोमवारी पाय काढायचं ठरवलं. धाकटी रोज भेटायला जायची, फळं कापून द्यायची, उशी नीट करायची आणि थोरलीच्या डोळ्यांना डोळा द्यायची नाही. थोरली तिला काहीही विचारत नव्हती. नेहमी खोदून खोदून विचारणारी बाई, पण आता नुसती म्हणायची, "जेवलीस का? काम कसं चाललंय? नीट लक्ष देऊन कर." धाकटीला ते 'नीट लक्ष देऊन कर' बोचायचं.

काम ती करतच होती. सरांना आता हवं होतं ते पडदे किती फुटतात याचं माप. त्यासाठी नळीचं तापमान बदलत आलेख घ्यायचे. ऊब दिली, की लिपिडचे रेणू जोरात डुलतात. गारवा दिला, की अंग आखडतात, हालचाल मंदावते आणि आलेख पसरट होतो. तुकडे झालेले असले तरी ते त्याच लिपिडचे. गारठ्यात त्यांचा सुळकाही रुंदावायला हवा. धाकटी थोडं थोडं करत तापमान खाली आणत होती. जवळपास बर्फाच्या पाण्याइतकं.

लंगडा आकार पसरला, खांदा सुजल्यासारखा रुंद झाला. पडद्यातले रेणू आखडले होते. आणि सुळका? तसाच्या तसा. केसभरही रुंदी वाढली नाही. जणू बाहेर थंडी पडलीय हे त्याच्या गावीही नव्हतं.

धाकटी स्क्रीनच्या इतकी जवळ गेली, की श्वासाने काच धुरकटली. सगळं घर गारठल्यावर जो एकटाच खुशाल बसतो, तो त्या घरातला नसतोच. हा सुळका पडद्याचा नव्हता. हा पाण्यात मोकळा फिरणारा दुसराच कुणीतरी होता, आणि त्याच्याकडे फॉस्फरस होता. मग तिला दुसरी गोष्ट दिसली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. सुळका जिथे हवा होता, तिथून तो किंचित बाजूला उभा होता. पहिल्या दिवसापासून होता. तिने ते पाहिलं होतं आणि 'यंत्र जरा हललं असेल' म्हणून सोडून दिलं होतं. घाबरलेल्या माणसाला जे दिसायची भीती असते तेच आधी दिसतं, तसं झालं होतं.

तिने नुसतं औषध पाण्यात विरघळवलं आणि पडद्याशिवाय नळीत भरलं. हे इतक्या वर्षांत कुणीच केलं नव्हतं, तिनेही नाही. औषधाच्या रेणूत फॉस्फरस नावालाही नाही. फॉस्फरसच्या यंत्रात ते घालून बघणं म्हणजे रिकामं पातेलं चुलीवर ठेवण्यासारखं. तिने बटण दाबलं. आलेख उमटला. कोरी सपाट रेघ आणि तिच्यात, अगदी त्याच जागी, तोच सुळका.

तिने औषध बनवणाऱ्या कारखान्यात फोन लावला. तिथला रसायनतज्ज्ञ निवांत माणूस होता.

"नव्या खेपेत काही बदल केलाय का?"

"औषध तेच आहे, मॅडम."

"औषधाबरोबर काय आहे?"

"अच्छा, ते होय? या वेळी क्षार बदललाय. पूर्वी क्लोराइड होतं, आता फॉस्फेट. लवकर विरघळतं पाण्यात. हॉस्पिटलला कळवलंय आम्ही."

"आणि आम्हाला?"

"तुम्हाला कशाला? साधं फॉस्फेट तर आहे. रक्तातही असतंच की."

साधं फॉस्फेट. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या यंत्राला ते दिसलंही नसतं. नेमकं फॉस्फरस शोधणाऱ्या यंत्रात त्यांनी फॉस्फरस घालून पाठवला होता, आणि तिने तो पाहून घरातल्याच माणसाचं औषध तोडलं होतं. चिडावं की हसावं, हे तिला कळेना. तिने दोन्ही केलं. फोन ठेवून आधी एक शिवी दिली, मग हसली.

पण सुळका परका ठरला म्हणून औषध निर्दोष ठरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने औषध घातलेले पडदे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाला बसवले, वरचं पाणी फेकलं, स्वच्छ पाणी घातलं, पुन्हा तसंच केलं. मग नळी चुंबकात. या वेळी तिने सरांना बोलावून शेजारी उभं केलं. आलेख उमटला तो लंगडा. उंच टोक, उतरता खांदा, अगदी औषधाशिवायच्या पडद्यासारखा. ज्या पाण्यातून पडद्याचे तुकडे वाहून गेले असते, ते फेकलेलं पाणीही तिने तपासलं. त्यात फॉस्फेटचा सुळका होता, लिपिड औषधालाही नव्हतं.

"चांगला आहे," सर म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं, की हे पुरेसं नाही. "फार चांगला आहे," ते म्हणाले आणि हॉस्पिटलचा नंबर फिरवायला गेले.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिला एकदम सणसणून भूक लागली. सकाळपासूनचा डबा तसाच होता. तो तिने टाकीशेजारच्या बाकावर बसून, कोणत्याही नियमात बसत नसताना, भराभर संपवला. हॉस्पिटलने आपल्या बाजूने कागद पाहिले, कारखान्याला दोन खडे बोल सुनावले आणि नवी खेप कपाटातून बाहेर काढली. सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकललं नाही, रद्दच केलं.

धाकटी हॉस्पिटलात पोचली ती प्रयोगशाळेतल्या रबरी चपला घालूनच. दीर खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभे होते. पलीकडच्या खाटेवरची मुलगी झोपली होती, तिच्या चांगल्या हाताला सलाईन लागलेलं. थोरलीच्या खांबालाही नवी पिशवी टांगलेली होती. थोरली उशीला टेकून शांत बसली होती.

धाकटी खाटेच्या कडेला बसली, एक हात अंथरुणावर टेकवून.

"वहिनी, एक सांगायचंय."

"सांग की."

"औषध थांबवायला सांगणारी ती बाई... ती मीच."

"माहितीये मला."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? डॉक्टर म्हणाले, चुंबकात नळ्या घालून तपासणाऱ्या बाईंनी थांबवलंय. आता असल्या बायका या गावात काय गल्लोगल्ली उभ्या आहेत?"

"म्हणजे पहिल्या दिवसापासून? आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत? दादा मला एवढ्या शिव्या देत होते..."

"ह्यांना मी सांगीन. दोन्ही पायांवर उभी राहून सांगीन, मग बघू आवाज कसा चढतो ते."

"पण मला तरी विचारायचं होतं, वहिनी. भांडायचं होतं. पाय तुमचा जाणार होता."

थोरलीने पलीकडच्या खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी एक शब्द जरी बोलले असते ना धाकटे, तर तू त्या मशीनकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस. मग मलाही कळलं नसतं, औषध खरंच चांगलं आहे की माझ्यासाठी चांगलं ठरवलंय. आणि त्या पोरीचं काय?"

धाकटीला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साचलेलं, आवाज करून फुटलं. ती तशीच पुढे वाकून थोरलीच्या अंथरुणात तोंड खुपसून रडू लागली. थोरलीने तिच्या केसांवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग मान वर करून सलाईनच्या पिशवीकडे बघितलं.

"रड, पोटभर रड," ती म्हणाली, "पण आधी तो कोपर उचल बाई. नळी दाबून बसलीयस. माझं औषध पुन्हा थांबलंय."

धाकटीने दचकून कोपर उचलला, आणि वर पिशवीखाली अडकलेला थेंब सुटून खाली पडला.